लॉटरीचे जुने निकाल कसे तपासायचे: नवख्यांसाठी शीट, मोजणी आणि थोडं गणित

लॉटरीच्या जुन्या निकालांत पॅटर्न शोधायचा नाद कोल्हापुरात नवा नाही. स्टँडजवळच्या किंवा लक्ष्मीपुरीतल्या स्टॉलवर कुणीतरी खिशातून घडी घातलेला कागद काढतो. त्यावर महिन्याभराचे आकडे असतात, आणि त्यावर बोट ठेवून तो सांगतो, "सात लई दिवस झालं आलेला न्हाई, ह्या आठवड्यात बसणार बघ." हल्ली तोच कागद पीडीएफ होऊन व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि काही जण त्याचे पैसे घेतात. ज्याला कुणाचा चार्ट विकत न घेता हा अभ्यास स्वतःच्या हातानं करून बघायचाय, त्याच्यासाठी हा लेख आहे. मोबाइल किंवा कॉम्प्युटर, गुगल शीट नाहीतर एक्सेल, आणि दोन-तीन मोकळ्या संध्याकाळी एवढं पुरतं.

या अभ्यासातून पुढचा आकडा मिळत नाही, हे आधीच सांगतो. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. खालच्या पायऱ्या केल्यात की ते तुमच्याच शीटवर दिसेल, आणि स्वतः मोजून पाहिलेलं कुणी सांगून मिटत नाही. शिवाय सोडत प्रामाणिक दिसते का, बक्षिसाची रचना कशी आहे आणि चार्टवाला कुठं हातचलाखी करतोय, हे या अभ्यासातून नक्की कळतं.

कुठल्या निकालांवर काम करायचं

महाराष्ट्र राज्य लॉटरीची कागदी तिकिटं घ्या. ही लॉटरी १९६९ साली सुरू झाली. त्याआधी १९६७ मध्ये केरळनं देशातली पहिली सरकारी लॉटरी काढली होती. राज्याच्या लॉटऱ्यांना १९९८ चा केंद्राचा लॉटरी नियमन कायदा लागू आहे. सोडत राज्य सरकारनं स्वतः काढायची, तिकिटावर सरकारचं चिन्ह हवं, आणि एकाच अंकावर किंवा आधी जाहीर केलेल्या आकड्यावर बक्षीस ठेवायचं नाही, अशा अटी त्या कायद्यात आहेत.

ओपन, क्लोज, जोडी, पाना ही भाषा ज्या चार्टवर दिसेल तो मटक्याचा. मटका १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आली आहे. अभ्यासाच्या दृष्टीनंही मटक्याचे आकडे निरुपयोगी आहेत. आकडा कसा निघाला, कुणी काढला, आधी कुणाला माहीत होता, यातलं काहीच तपासता येत नाही. ज्याची सोडत उघड्यावर होत नाही त्याच्या आकड्यांवर गणित मांडण्यात अर्थ नाही.

निकाल गोळा करणं

राज्य लॉटरीच्या अधिकृत संकेतस्थळावर निकाल मिळतात. तिथूनच उचला. व्हॉट्सअॅपवर आलेला निकाल घेऊ नका, कारण त्यात एखादा आकडा बदललेला असला तर तुम्हाला कळणार नाही. एकच योजना धरा आणि तिचे जितके मागचे निकाल मिळतील तितके घ्या. दोन वेगळ्या योजना एकत्र कालवू नका, त्यांच्या सिरीज (तिकिटावर आकड्यासोबत छापलेला गट) आणि आकड्यांची रचना वेगळी असते.

एक साप्ताहिक योजना म्हणजे वर्षाला साधारण ५२ पहिली बक्षिसं. एवढ्यावर काहीच सांगता येत नाही. म्हणून शेवटच्या चार अंकांवर जी छोटी बक्षिसं काढली जातात तीही घ्या. त्यांच्या ओळी एका निकालात बऱ्याच असतात, त्यामुळे ५०० आकड्यांचा साठा लवकर जमतो. मोजणी ५०० च्या खाली करू नये असं माझं मत आहे. पन्नास आकड्यांवर बोलणारा माणूस जे सांगेल त्यातलं बहुतेक योगायोग असतो.

नवखे हमखास अडखळतात ती जागा म्हणजे शून्य. शीटमध्ये ०४७२ टाइप करून एंटर दाबलंत की समोर ४७२ उरतं. पुढचं शून्य गेलं, आकडा तीन अंकी झाला, आणि पुढची सगळी मोजणी वाकडी. म्हणून आकडे भरायच्या आधी तो कॉलम निवडून त्याचं फॉरमॅट 'प्लेन टेक्स्ट' करा. भरून झाल्यावर 'लेन' (LEN) फॉर्म्युला लावून प्रत्येक आकडा चार अंकीच आहे ना हे बघा. घाईत हे राहिलं की 'शून्य कमी येतंय' असा खोटा शोध लागतो.

मग 'राइट' (RIGHT) आणि 'मिड' (MID) हे फॉर्म्युले वापरून चारही अंक चार कॉलममध्ये सुटे करा. यातून निघालेला अंक शीटच्या दृष्टीनं मजकूर असतो, म्हणून तो 'व्हॅल्यू'मध्ये (VALUE) गुंडाळून संख्या करून घ्या. पुढं तारीख, सोडतीचं नाव आणि बक्षिसाची पायरी असे तीन कॉलम ठेवा. वहीत करणार असाल तर चौकटीची वही घ्या आणि प्रत्येक अंकाखाली पाचपाचच्या रेघा मारा.

कुठला अंक मोजायचा

शेवटचा. याला कारण आहे. काही योजनांत आकडे १०००० पासून सुरू होतात, म्हणजे पहिल्या जागी शून्य येऊच शकत नाही. तिथं शून्य 'थंड' दिसणं हा छपाईचा परिणाम झाला. दुसरं, पहिलं बक्षीस 'विकलेल्या तिकिटांतूनच' असं जाहीर केलेलं असेल तर न विकलेल्या तिकिटांचे आकडे बाद होतात. मग एखाद्या सिरीजला जास्त बक्षिसं लागलेली दिसली तर ती सिरीज जास्त खपली, एवढाच अर्थ निघतो. सिरीजवरून पॅटर्न सांगणारे चार्ट इथंच फसतात. शेवटच्या अंकाला छपाईचा आणि खपाचा हा त्रास जवळजवळ होत नाही.

मोजणी आणि तिचा अर्थ

'काउंटइफ' (COUNTIF) लावून शेवटच्या जागी ० ते ९ प्रत्येकी किती वेळा आले ते काढा. समजावण्यासाठी ५०० आकड्यांचा एक नमुना मांडतो:

० – ४७, १ – ५८, २ – ४४, ३ – ५१, ४ – ३९, ५ – ५५, ६ – ५०, ७ – ६१, ८ – ४६, ९ – ४९.

हे बघून कुणीही म्हणेल, सात जोरात आहे, चार झोपलाय. दोघांत तब्बल २२ चा फरक! चार्टवाले हेच 'हॉट' आणि 'कोल्ड' म्हणून विकतात. पण आधी स्वतःला विचारा, सोडत अगदी प्रामाणिक असती तर किती फरक पडला असता? सरासरी प्रत्येकी ५०, हे बरोबर. पण बरोब्बर ५० कधीच येत नसतात. ५०० ला ०.१ नं आणि मग ०.९ नं गुणा, ४५ येतात, त्याचं वर्गमूळ ६.७. हा झाला नेहमीचा चढउतार. त्याच्या दुप्पट दोन्ही बाजूंना मोजलं की ३७ ते ६३ हा पट्टा मिळतो. दहापैकी बहुतेक अंक या पट्ट्यात असले की काही विशेष घडलेलं नाही. आपला ६१ आणि ३९ दोन्ही आतच आहेत.

सगळे अंक एकदम तपासायचे असतील तर काय-स्क्वेअर काढा. नाव अवघड आहे, काम सोपं. प्रत्येक अंकाचा ५० पासूनचा फरक घ्या, त्याचा वर्ग करा, ५० नं भागा, सगळ्यांची बेरीज करा. वरच्या नमुन्यात फरकांच्या वर्गांची बेरीज ३९४ होते, तिला ५० नं भागलं की ७.८८. दहा अंकांसाठी ही बेरीज १६.९२ च्या वर गेली तरच भुवया उंचवायच्या, आणि २१.६७ च्या वर गेली तर नीट चौकशी करायची. ७.८८ म्हणजे साधी, निकोप सोडत. शीटमध्ये यासाठी तयार फॉर्म्युला आहे, पण पहिल्या वेळी हातानं करा. आकडे बोटांखालून गेले की त्यांचा धाक जातो.

आता शेजारी आणखी एक कॉलम काढा आणि त्यात 'रँडबिटवीन' (RANDBETWEEN) वापरून ५०० बनावट अंक तयार करा. त्यांचीही तशीच मोजणी करा. तिथंही कुठला तरी अंक साठच्या आसपास आणि कुठला तरी चाळीसच्या आसपास दिसेल. दोन्ही तक्ते, नाव न लिहिता, एखाद्या चार्टवाल्यासमोर ठेवा आणि खरा कुठला ते विचारा. या एका प्रयोगात जितकं कळतं तितकं कुठल्याही व्हिडिओत कळत नाही.

'लई दिवस आला नाही' हे खरं असतं, पण

उशिराच्या आकड्याचा समज फार खोल रुजलेला आहे, त्यामुळे इथं थोडं थांबू. शीटमध्ये 'खंड' नावाचा कॉलम करा आणि प्रत्येक अंक आधी आल्यापासून किती ओळींनी परत आला ते लिहा. पाचशे ओळींत सगळ्यात मोठा खंड किती निघेल, याचा आधी अंदाज करून ठेवा. नवखे पंधरा-वीस म्हणतात. प्रत्यक्षात पाचशे ओळींत कुठला ना कुठला अंक सलग चाळीस ओळी गायब असणं जवळजवळ ठरलेलं असतं, आणि पन्नासच्या पुढं जाणंही नेहमीचंच आहे. म्हणजे सात तीस ओळी आला नाही, यात काहीच अजब नाही.

आणि तीस ओळी आला नाही म्हणून एकतिसाव्या ओळीत यायची शक्यता किती? पहिल्या ओळीला होती तितकीच, दहात एक. हेही तपासता येतं. ज्या ज्या वेळी एखादा अंक वीस ओळी गायब होता, त्या सगळ्या जागा शोधा आणि लगेच पुढच्या ओळीत तो किती वेळा आला ते मोजा. साधारण दहात एकदाच येईल.

मागच्या नोंदींवरून पुढचं सांगता येतं ते कुठं? आपल्या पंचगंगेवर. राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांवर आली, धरणक्षेत्रात पाऊस चालू आहे आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत, तर ४३ फुटांच्या धोका पातळीचा अंदाज बांधता येतो, कारण वर सुटलेलं पाणी खाली यायलाच लागतं. कालच्या पाण्याचा आजच्या पाण्याशी संबंध आहे. सोडतीच्या यंत्रात मागच्या आठवड्याचं काहीच शिल्लक राहत नाही.

हे न समजल्यानं काय होतं त्याचं उदाहरण इटलीतलं आहे. तिथल्या लोट्टो या लॉटरीत शहरांच्या वेगवेगळ्या सोडती होतात. व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा २००३ पासून यायचा थांबला. आता येणारच, आता येणारच म्हणत लोक रक्कम वाढवत गेले, देशभर मिळून अब्जावधी युरो त्या एका आकड्यावर लागले, संसार मोडले. ९ फेब्रुवारी २००५ ला तो आला. तोवर लोकांचं जे गेलं ते गेलंच.

जोड्या, बेरजा, पुनरावृत्ती

शेवटच्या दोन अंकांची जोडी परत आली की गवगवा होतो. जोड्या १०० आहेत, पण अवघ्या तेरा आकड्यांत एखादी जोडी दोनदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. पूर्ण चार अंकी आकड्याची पुनरावृत्तीसुद्धा सुमारे ११९ आकड्यांत निम्म्या वेळा होते. बल्गेरियात सप्टेंबर २००९ मध्ये ६ तारखेला आणि लगेच १० तारखेला तेच सहा आकडे निघाले होते: ४, १५, २३, २४, ३५, ४२. सरकारनं चौकशी केली, गैरप्रकार सापडला नाही.

बेरजेचा चार्ट जास्त फसवा आहे, कारण त्यात अर्धं सत्य असतं. चार अंकांची बेरीज १८ सगळ्यात जास्त वेळा येते हे बरोबर आहे. दहा हजारांपैकी ६७० आकड्यांची बेरीज १८ होते. शून्य बेरीज मात्र फक्त ०००० ची. म्हणून 'बेरीज १८ चं तिकीट घ्या' असं सांगतात. पण तुमच्या हातात तिकीट एकच असतं. त्या ६७० तला तुमचाच आकडा यायची शक्यता दहा हजारांत एक, आणि ०००० ची पण तेवढीच. दोन सम दोन विषम, सलग अंक, उलटे आकडे, सगळ्या युक्त्यांना हेच लागू आहे. चार अंकी आकड्यांत निम्म्यांत कुठला तरी अंक दोनदा असतोच, त्यामुळे 'डबल' आलेलं बघूनही हुरळू नका.

खरी परीक्षा

काही सापडलंय असं वाटलं तर ही पायरी चुकवू नका. साठ्याचे तारखेनुसार दोन भाग करा. पहिल्या २५० ओळींत तुमचा नियम शोधा, समजा सर्वांत 'गरम' तीन अंक. ते एका कागदावर लिहा, खाली तारीख टाका. मग दुसऱ्या २५० ओळी उघडा आणि ते तीन अंक मिळून किती वेळा आले ते मोजा. नुसत्या योगायोगानं ७५ यायला हवेत, ६० ते ९० मध्ये काहीही येऊ शकतं. नियम खरा असेल तर हा पट्टा ओलांडायला हवा.

मोजायच्या आधी लिहून ठेवणं हाच यातला गाभा आहे. आकडे बघून मग नियम बनवला तर नियम जुळतोच. वीस वेगवेगळे नियम तपासलेत तर त्यातला एखादा केवळ योगायोगानं 'पास' व्हायची शक्यता ६४ टक्के आहे. चार्ट विकणारा एकोणीस फसलेले नियम दाखवत नाही, विसावा दाखवतो. त्याला विचारा, मागच्या महिन्यात सोडतीच्या आधी तुम्ही काय लिहून दिलं होतं, सगळं दाखवा. फक्त लागलेल्या तिकिटाचा फोटो पुढं आला तर पैसे देऊ नका.

जिथं पॅटर्न खराच होता

असंही झालंय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सोडतीत २४ एप्रिल १९८० ला ६६६ आला. ४ आणि ६ सोडून बाकीच्या चेंडूंत रंग भरून ते जड केले होते. ४ आणि ६ च्या जुळण्यांवर अचानक फार पैसे लागले, त्यावरून संशय आला आणि लॉटरीशी संबंधित माणसं पकडली गेली. दुसरं प्रकरण एडी टिप्टनचं. तो लॉटरी संघटनेत माहिती-सुरक्षेचं काम करायचा. आकडे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्येच त्यानं असा कोड घातला की वर्षातल्या ठराविक दिवशी निघणारे आकडे आधी ओळखता यावेत. २०१७ मध्ये त्याला शिक्षा झाली.

दोन्हीकडे पॅटर्न मुद्दाम घातलेला होता. तुमच्या काय-स्क्वेअरची बेरीज कधी २१.६७ च्या खूप वर गेली तर आधी शीट तपासा, शून्यं गळालीत का, एखादा निकाल दोनदा भरलाय का. तरीही आकडा तसाच राहिला तर नवे निकाल घेऊन परत मोजा. तेव्हाही तेच दिसलं तर लॉटरी कार्यालयाकडे लेखी विचारा. नागरिक म्हणून तो आपला हक्क आहे, आणि या अभ्यासाचा हा सगळ्यात मोलाचा उपयोग.

परदेशातली एक युक्ती इथं चालत नाही

काही व्हिडिओत 'लोक निवडत नाहीत ते आकडे घ्या' असं सांगतात. परदेशी लोट्टोसाठी ते बरोबर आहे. तिथं खेळणारा आकडे स्वतः निवडतो आणि जॅकपॉट जिंकणाऱ्यांत वाटला जातो. ब्रिटनमध्ये १४ जानेवारी १९९५ ला १३३ जणांनी तेच सहा आकडे लावले होते. फिलिपिन्समध्ये ऑक्टोबर २०२२ ला ९, १८, २७, ३६, ४५, ५४ हे नऊच्या पाढ्यातले आकडे आले आणि ४३३ जणांत बक्षीस वाटलं गेलं. आपल्या कागदी तिकिटावर आकडा छापूनच येतो आणि पहिल्या बक्षिसाचा आकडा एकाच तिकिटावर असतो, त्यामुळे वाटणीचा प्रश्नच येत नाही.

तिकीट उलटं करा

आकड्यांपेक्षा जास्त माहिती तिकिटाच्या मागच्या बाजूला असते आणि ती फार थोडे लोक वाचतात. एकूण तिकिटं किती, कुठल्या पायरीला किती बक्षिसं, विकलेल्या तिकिटांतून की छापलेल्या, बक्षीस मागायची मुदत किती, हे बघा. सगळ्या बक्षिसांची रक्कम बेरीज करून तिकिटांच्या संख्येनं भागा. समजा दहा लाख तिकिटं, दहा रुपये किंमत आणि एकूण बक्षिसं पन्नास लाख. म्हणजे दहा रुपयांतले सरासरी पाच परत येतात, आणि त्यातलाही मोठा वाटा एकट्या पहिल्या बक्षिसात अडकलेला असतो. ही बेरीज प्रत्येक योजनेची करून बघा. दोन योजनांतला फरक या एका आकड्यात दिसतो, जुन्या निकालांत नाही.

कर वेगळा. बक्षीस १०,००० रुपयांच्या वर असेल तर ३० टक्के टीडीएस कापूनच रक्कम मिळते, सेस धरून कर ३१.२ टक्के होतो. गुंतवणुकीची कुठलीही वजावट त्याला लागत नाही. लाखाचं बक्षीस म्हणजे हातात ६८,८०० रुपये. तिकिटावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे.

शेवटची एक गोष्ट शीटबद्दलच. तिकिटं घेत असाल तर त्याच शीटमध्ये 'दिलेले' आणि 'आलेले' असे दोन कॉलम जोडा आणि खाली दोन्हींची बेरीज लावा. वीस-तीस रुपयांचं तिकीट असलं तरी नोंद करा, चार्टचे आणि ग्रुपचे पैसे पण त्यातच धरा. महिन्याची रक्कम आधी ठरवून वरच्या सेलमध्ये लिहून ठेवा. ती संपली की त्या महिन्यात तिकीट नाही. आणि घरातलं कुणी उसनं घेऊन, दागिना ठेवून आकड्यामागं लागलं असेल, तर त्याला चार्ट दाखवून वाद घालत बसू नका. त्याच्यासोबत ही 'दिलेले-आलेले'ची यादी लिहायला बसा, आणि गरज वाटली तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करा. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.